मोठी गाडी सोडून हलकी घ्यावीशी वाटतेय, पण मित्र काय म्हणतील?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ५१, राहणार इंदूर, बँकेत नोकरी. कॉलेजपासून मोठ्या गाडीचं स्वप्न होतं. मुलीचं शिक्षण झालं, होम लोन फिटलं आणि मग चार वर्षांपूर्वी ६५० सीसीची ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरची गाडी घेतली. रविवारी कॉलेजच्या मित्रांसोबत राइड, कधी मांडू, कधी महेश्वर, सगळ्यांकडे मोठ्याच गाड्या. मागच्या पावसाळ्यात बिल्डिंगच्या बेसमेंटच्या रॅम्पवर पाय घसरला, गाडी आडवी झाली, वॉचमन आणि दोन मुलांनी मिळून उचलली. तेव्हापासून भाजी, दूध, ऑफिस सगळं बायकोच्या स्कूटरवर आणि मोठी गाडी कव्हरखाली. दिवाळीत भाच्याची १६० सीसीची गाडी घेऊन सहज पाताळपाणी धबधब्यापर्यंत जाऊन आले आणि "इतकी मजा कित्येक वर्षांत आली नव्हती." आता मोठी विकून अशीच हलकी घ्यावीशी वाटतेय. ग्रुपमध्ये विषय काढला तर एक मित्र म्हणाला, "क्या भिया, बुढ़ा गए क्या?" वाचक विचारतात, हे खरंच म्हातारपण आहे का, एवढ्या वर्षांचं स्वप्न अर्धवट सोडतोय का, आणि हलकी घेऊन दोन महिन्यांत पस्तावलो तर काय?

नमस्कार,

तुमच्या पत्रातला सगळ्यात आनंदी भाग, पाताळपाणीची राइड, तुम्ही दोन ओळीत उरकलाय आणि मित्राच्या एका वाक्यावर जवळजवळ पानभर लिहिलंय. मी उलटं करते, आधी त्या राइडबद्दल बोलू, कारण तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर तिथेच आहे असं मला वाटतं.

महूच्या पुढे रस्ता अरुंद होतो, वळणं जवळजवळ येतात, मध्येच गाव लागतं, मध्येच गुरं आडवी येतात. अशा रस्त्यावर तुम्ही भाच्याच्या गाडीवर काय करत होतात आठवा. इंजिन पार वरपर्यंत ओढत होतात, तिसरा-चौथा-परत तिसरा असं गियर खेळत होतात, वळणाआधी हलका ब्रेक, झुकायचं, आणि बाहेर पडताना थ्रॉटल पूर्ण उघडायचा. १६० च्या चांगल्या गाडीत साधारण सतरा हॉर्सपॉवर असतात आणि त्या सगळ्याच्या सगळ्या तुम्हाला त्या रस्त्यावर वापरता येतात. तुमच्या ट्विनमध्ये ४७ आहेत, त्यातला तिसरा हिस्सा वापरला तरी पुढचं वळण अंगावर येतं. म्हणजे मोठ्या गाडीवर तिथे तुमचा बहुतेक वेळ तिला आवरण्यात जातो, आणि छोटीवर तुम्ही खरोखर गाडी चालवत असता. गाडीत किती ताकद आहे यापेक्षा त्यातली किती आपल्या हाताला लागते यातून मजा येते, हे मी मोठ्या गाडीवाल्या कोणाशीही भांडून सांगायला तयार आहे.

दुसरी गोष्ट वजनाची. तुमची गाडी २१० किलोच्या वर जाते, भाच्याची १४५ च्या आसपास असणार, म्हणजे मधे साठ-सत्तर किलोचा फरक आहे, एक मोठा माणूस कायम मागे बसलेला असावा आणि तो त्या दिवशी पहिल्यांदा उतरला असं काहीसं तुमच्या हातांना जाणवलं असणार. हे वजन कधी जाणवतं आणि कधी नाही हेही नीट समजून घ्या, कारण शोरूममध्ये लोक इथेच फसतात. गाडी एकदा वीस-पंचवीसच्या वर गेली की चाकं स्वतःच तिला बरीचशी उभी धरतात, आणि ऐंशीच्या स्पीडला तर २१० किलोची गाडी मख्खनसारखी वाटते. बायपासवर टेस्ट राइड घेतली तर वजन दिसतच नाही. ते दिसतं यू-टर्नला, रॅम्पवर, वाळू पडलेल्या वळणावर, राजवाड्याजवळ दोन स्कूटरच्या मधे पार्क करताना, सराफ्यातून रात्री गर्दीत पायाने ढकलत काढताना, पलासियाच्या सिग्नलला मे महिन्यात इंजिनची धग मांड्यांना लागत उभं राहताना. आता तुमच्या महिन्याभराच्या फिरण्यातलं किती हायवेवरचं आणि किती या दुसऱ्या प्रकारातलं, हे तुम्हीच मोजून बघा. पत्रावरून तर वाटतं की आठवड्याचे सहा दिवस दुसऱ्याच प्रकारातले आहेत आणि म्हणूनच गाडी कव्हरखाली आहे.

आता मित्राच्या वाक्याकडे येते. त्याच्या मागे एक समजूत आहे आणि ती तुम्हीही न तपासता उचललीय असं मला वाटतं, ती म्हणजे मोटरसायकलची एक शिडी असते, शंभरवरून दीडशे, दीडशेवरून साडेतीनशे, मग साडेसहाशे, आणि माणूस फक्त वर चढतो, खाली आला तर हरला. ही शिडी कोणी उभी केली? तुम्हीच लिहिलंय की गाडीचं वेड लागलं ते काकांच्या यामाहा आरएक्स १०० वर. १९८५ ते १९९६ पर्यंत आपल्याकडे बनलेली ती गाडी, ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास. आपल्या पिढीतल्या निम्म्या पोरांना मोटरसायकल आवडायला लागली ती अशा हलक्या गाडीमुळे, आणि तेव्हा कोणाला काही कमी असल्यासारखं वाटत नव्हतं. मोठी गाडी म्हणजे मोठा रायडर हे नंतर आपल्या डोक्यात भरलं गेलं, त्यात जाहिरातींचा हात आहे आणि ग्रुपमधल्या फोटोंचाही. तुमच्या हाताला जे आवडतं ते बहुधा तीस वर्षांत बदललेलंच नाही.

स्वप्न अर्धवट सोडतोय का, असं तुम्ही विचारलंत. अहो, स्वप्न पूर्ण झालंय! मोठी गाडी घेतली, चार वर्षं चालवली, मांडूला नेली, पुण्याला सासरी नेली, बिजासन घाट तिच्यावर उतरलात. पूर्ण झालेली गोष्ट आयुष्यभर कव्हरखाली सांभाळत बसलं पाहिजे असं कुठे लिहिलंय? ज्या माणसाने मोठी कधी चालवलीच नाही आणि द्राक्षं आंबट म्हणून छोटी घेतली, त्याच्या मनात रुखरुख राहू शकते. तुमचं तसं नाही, तुम्ही दोन्ही चालवून मग सांगताय.

म्हातारपणाबद्दल मात्र मी तुम्हाला नुसतं गोड बोलून सोडणार नाही, एक प्रश्न विचारते. रॅम्पवर पाय घसरला तो ओल्या टाइलमुळे, की गुडघा किंवा कंबर आधीपासून कुरकुर करतेय आणि तुम्ही घरात बोलला नाहीत? तुम्ही पत्रात 'आजकाल उतरताना जरा जपून उतरतो' असं एक वाक्य सहज टाकलंय. तसं असेल तर आधी ऑर्थोपेडिकला दाखवा, गाडीचा निर्णय त्यानंतर. दुखणं असेल तर हलक्या गाडीने त्रास कमी होईल पण दुखणं जाणार नाही, आणि मग पुढच्या वर्षी परत तोच गोंधळ होईल. आणि दुखणं नसेल तर एका माणसाला २१० किलो आडवे झाल्यावर न उचलता येणं यात वयाचा काही संबंध नाही, पंचविशीतल्या पोरालाही पद्धत माहीत नसेल तर उचलत नाही.

पद्धत सगळ्यांसाठीच सांगून ठेवते. आधी इंजिन बंद करा आणि गाडी गियरमध्ये टाका म्हणजे घरंगळणार नाही. उजव्या बाजूला पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढा, म्हणजे उभी झाल्यावर पलीकडे कलंडणार नाही. मग गाडीकडे पाठ करून सीटला टेकून खाली बसा, एक हात हँडलच्या टोकाला, दुसरा मागच्या ग्रॅब रेलला, पाठ सरळ ठेवून पायाच्या जोरावर छोटी छोटी पावलं मागे टाकत उठा. कंबरेतून वाकून कधीच ओढू नका.

माझी स्वतःची उंची पाच फूट दोन इंच आहे आणि मी वर्षानुवर्षं मोटरसायकल चालवते, त्यामुळे वजनाबद्दल हे बोलायला मला काही संकोच वाटत नाही. बायकांना आणि कमी उंचीच्या पुरुषांना गाडी घेताना पहिला प्रश्न हाच पडतो की थांबल्यावर पाय नीट टेकेल का, घसरली तर मला सांभाळेल का. उंच आणि तगड्या माणसांना हा प्रश्न विचारायची वेळ येत नाही म्हणून ते कधीच विचारत नाहीत, आणि मग पन्नाशीत अचानक विचारावा लागला की त्यांना लाज वाटते. लाज वाटण्यासारखं यात काहीच नाही, गाडी आपल्या अंगाला बसली पाहिजे एवढंच आहे.

बरं, आता काय करायचं ते बघू.

सगळ्यात आधी, विकायची घाई करू नका. भाच्याची गाडी एका दुपारी आवडली याचा अर्थ ती रोज आवडेल असा होत नाही, नवीन गाडीचं कौतुक पण असतं त्यात. त्याला सांगा, आठ-दहा दिवस गाड्यांची अदलाबदल करू, पोरगा खुशीने तयार होईल (त्याचं लायसन्स आणि दोन्ही गाड्यांचा इन्शुरन्स चालू आहे ना ते बघून घ्या, आणि २१० किलो आहेत हे त्याला नीट समजावून सांगा). त्या दिवसांत मुद्दाम ती गाडी जिथे कमी पडेल तिथे न्या. एबी रोडला मानपूरपर्यंत जाऊन या, ट्रक बाजूने गेला की हलकी गाडी वाऱ्याने हलते, ते तुम्हाला चालतं का बघा. नव्वद-शंभरवर छोटं इंजिन खूप वरच्या आरपीएमला फिरतं आणि हातापायाला झिणझिण्या येतात, तेही बघा. वहिनींना मागे बसवून पन्नास-साठ किलोमीटर जा आणि परत आल्यावर त्यांना खरं काय वाटलं ते विचारा. हे सगळं करूनही सकाळी त्याच गाडीची चावी उचलावीशी वाटत असेल तर पस्तावण्याची भीती फारशी उरत नाही.

दुसरं, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण या कारणाने पैसे वाया गेलेले लोक मी बघितलेत, सीसी कमी म्हणजे वजन कमी असं नसतं. तुमच्या पत्रात 'किंवा मग मधलं काहीतरी, ३५०' असं लिहिलंय. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो आहे. म्हणजे इंजिन जवळजवळ निम्मं झालं पण वजन कमी झालं ते वीसेक किलोच, रॅम्पवर तुम्हाला फरक कळणार पण नाही. हंटर ३५० सुद्धा १८१ आहे. उलट ट्रायम्फची स्पीड ४०० जेव्हा २०२३ मध्ये आली तेव्हा तिचं वजन १७६ किलो आणि ताकद ४० हॉर्सपॉवरच्या आसपास, म्हणजे सीसी जास्त आणि गाडी हलकी. अपाचे १६० ४व्ही साधारण १४५, एक्सपल्स २०० साधारण १५९, आणि स्प्लेंडर ११२. शोरूममध्ये गेल्यावर आधी 'कर्ब वेट किती' विचारा, म्हणजे पेट्रोल-ऑइल भरलेल्या गाडीचं वजन, सीसी नंतर. सीटची उंची पण विचारा, एक्सपल्स वजनाला हलकी आहे पण तिची सीट ८२५ मिलिमीटरवर आहे, कमी उंचीच्या माणसाला पायाच्या बोटांवर उभं राहावं लागतं, स्प्लेंडरची ७८५ आहे. टाकी भरलेली असताना गाडी स्टँडवरून काढून, इंजिन बंद ठेवून, आठचा आकडा काढत ढकलून बघा. सेल्समन विचित्र बघेल, बघू दे.

हलकी म्हणजे लवकर थांबणारी हेही गृहीत धरू नका. मोठ्या गाडीला ब्रेक पण मोठे असतात, टायर रुंद असतात, दोन्ही चाकांना एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असतं, त्याला ड्युअल चॅनल म्हणतात. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं आणि १२५ पर्यंतच्यांना सीबीएस, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागणारी व्यवस्था, पण बऱ्याच १५०-१६० च्या गाड्यांमध्ये एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतं. तुम्हाला चार वर्षं ड्युअल चॅनलची सवय आहे, तेव्हा ओल्या रस्त्यावर मागचा ब्रेक जोरात दाबाल आणि चाक लॉक होईल. ड्युअल चॅनल मिळत असेल तर थोडे पैसे जास्त द्या.

पैशाचं पटकन सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, त्याच्या वरच्यांवर ४०. टायर, सर्व्हिस, मायलेज सगळं छोट्या गाडीत स्वस्त पडतं. पण केवळ पैशासाठी तुम्ही हे करत नाही आहात, त्यामुळे यावर जास्त वेळ घालवत नाही.

दोन्ही ठेवायच्या का? जागा असेल, दुसऱ्या गाडीचा हप्ता जड जाणार नसेल आणि वर्षातून दोनदा तरी मोठी लांब जाणार असेल तर एक वर्ष ठेवायला हरकत नाही. पण तुमच्या बाबतीत मला शंका आहे, कारण ती आत्ताच निघत नाहीये. उभी गाडी खराब होते, बॅटरी उतरते, टायर एका जागी बसतात, आणि रोज येता-जाता ते कव्हर दिसलं की आपण काहीतरी टाळतोय असं मनाला लागून राहतं. पुण्याच्या ट्रिपसाठी म्हणून ठेवतोय म्हणाल, तर सहाशे किलोमीटर १६० वरही जाता येतं, धुळ्याला मुक्काम करायचा आणि सत्तर-ऐंशीच्या वर जायचं नाही, किंवा सरळ ट्रेनने जायचं. वहिनींना लांबच्या प्रवासात मोठी सीट आवडते असं तुम्ही लिहिलंय, तर त्यांचं मत यात निम्मं धरा. त्या म्हणाल्या की मला मागे बसून लांब जायचंय, तर मग १६० च्या ऐवजी १७५ किलोच्या आसपासची ४०० बघा, ती मधली वाट तुमच्यासाठी खरी मधली आहे.

आता ग्रुप. मला वाटत नाही की मित्र वाईट आहे, आपल्या इंदूरात असं बोलल्याशिवाय प्रेम पोचतच नाही. पण तुम्ही त्यावर गप्प बसलात आणि घरी येऊन मला पत्र लिहिलंत, म्हणजे ते लागलंय. पुढच्या रविवारी पोहे-जलेबी खाताना सरळ सांगा की मला ही चालवायला जास्त मजा येते. गुडघा, बायको, मायलेज, ट्रॅफिक असली कारणं देऊ नका, कारणं दिली की लोक एकेक कारण खोडत बसतात, मजा येते याला कोणाकडे उत्तर नसतं. आणि एखाद्या रविवारचा रस्ता तुम्ही ठरवा. महेश्वरला एबी रोडने धामनोदवरून जाण्याऐवजी महूवरून जाम गेटकडे काढा, अहिल्याबाईंच्या काळातला तो दरवाजा ओलांडला की माळव्याचं पठार संपतं आणि घाट खाली निमाडात मंडलेश्वरला उतरतो. त्या वळणांवर हलकी गाडी कोणाच्या मागे राहत नाही. पावसाळ्यात चोरलच्या किंवा काजलीगढच्या बाजूला कच्च्यात उतरलात तर आपली काळी माती मोठ्या गाड्यांचं काय करते ते सगळ्यांना माहीत आहे. एखाद्याला तुमची गाडी चालवायला द्या, दहा किलोमीटर पुरे आहेत.

चार पदरी रस्त्यावर मात्र ते पुढे जाणार आणि तुम्ही मागे राहणार, हे आत्ताच मान्य करा आणि त्यांनाही सांगून ठेवा की मी माझ्या स्पीडने येतो, मानपूरला चहाला भेटू. त्यांना गाठायच्या नादात १६० ला एकशे दहावर पिळत राहणं हा या सगळ्यातला एकमेव खरा धोका आहे. ज्या ग्रुपला वीस मिनिटं थांबायला जड जातं, त्या ग्रुपबद्दल वेगळा विचार करावा लागेल, पण माझा अंदाज आहे की तीस वर्षांचे मित्र थांबतील. मोठी गाडी विकल्यावर त्यातल्याच एखाद्याचा फोन आला की 'जरा तुझी गाडी दे ना एक दिवस', तर मला आश्चर्य वाटणार नाही.

विकायचं ठरलं तर कागद नीट करा. लोन असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन हायपोथिकेशन, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, आधी काढून घ्या. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर लागतील तिथे सह्या, गाडी दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली पावती, आणि घेणाऱ्याच्या आधारची कॉपी. आरसीवर नाव बदलेपर्यंत कागदोपत्री मालक तुम्हीच असता, उद्या त्याने अपघात केला तर कोर्टाची नोटीस तुमच्या दारात येते, म्हणून ओळखीचा असला तरी 'नंतर करून घेऊ' म्हणणाऱ्याला चावी देऊ नका. इन्शुरन्सचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, गाडीचा नसतो, तुमचा असतो. चार वर्षांत क्लेम केला नसेल तर कंपनीकडून त्याचं पत्र मागून घ्या, नवीन गाडीच्या पॉलिसीत तो वळवता येतो आणि ते पत्र तीन वर्षं चालतं. नवीन गाडी घ्यायला दोन-चार महिने थांबायचं असेल तरी हे पत्र विकतानाच घेऊन ठेवा.